दवाखान्यापुरती सवाशीण

आमच्या गावात संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाचं बोलावणं नुसतं तोंडी नसतं. ज्या बाईच्या घरी हळदीकुंकू असतं ती कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार फिरते, दाराशी आलेल्या बाईच्या कपाळाला बोट लावते आणि ‘या बरं का’ म्हणून पुढच्या घरी जाते. आमच्या घरात कपाळं तीन आहेत, पण या कामाचं एकच. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. नवरा टोमॅटोचा पिकअप चालवायचा, तो हायवेला अपघातात गेला. तेव्हापासून येडगावच्या धरणाकडच्या आमच्या घरात सासूबाई, मी आणि माझी मुलगी अशा तिघीच राहतो. मुलगी आता चौदा वर्षांची आहे आणि कुमारिका हळदीकुंकवाला चालते. वरच्या आळीतली बाई दरवर्षी येते, आम्हा दोघींना बघून न बघितल्यासारखं करते, पोरीला बोट लावते आणि पोरीला धाडा म्हणून जाते.

ती बाई काही वाईट नाही. नारायणगावात माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे, तिचे सगळे ब्लाउज मीच शिवते, आणि बाही जरा घट्ट झाली तरी ती तोंड वाकडं करत नाही. पण रीत ती रीत. मला या रीतीचा राग येतो. तो मी कुणाला दाखवत नाही, कारण दाखवला तर हळदीकुंकवाला हपापलेली म्हणतील. राग गिळून मी मशीनचं पायडल जोरात मारते, एवढंच.

यंदा पोर हळदीकुंकवाहून आली ती स्टीलची वाटी, तिळगूळ आणि एक बातमी घेऊन. जुन्नरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तिथं बोलायला आल्या होत्या. आम्ही तिघी जेवायला बसलो होतो आणि पोरीनं भाकरी मोडता मोडता सुरू केलं, की बायकांच्या पिशवीच्या तोंडाला कॅन्सर होतो, तो व्हायच्या आधीच कळतो, म्हणून तिशीच्या पुढच्या सगळ्या बायकांनी दुखत नसलं तरी तपासून घ्यायचं असतं. आणि तिच्या वयाच्या पोरींना त्याचं इंजेक्शन असतं, ते तिला घ्यायचंय.

माझे कान तापले. जेवताना काय बोलायचं ते कळत नाही का, गप जेव, असं मी तिला म्हणाले. आमच्या घरात पाळीलासुद्धा कधी नाव घेऊन पाळी म्हटलेलं नाही, ‘बाहेरची’ म्हणतात. आणि हे बोलणारी मी कोण, तर दिवसभर बायकांच्या छातीची मापं घेणारी, कटोरी ब्लाउज हवा का साधा हवा हे चार गिऱ्हाइकांसमोर विचारणारी. घरी आले की माझी जीभ उंबऱ्याबाहेरच राहते. सासूबाई भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या आठवड्यात गावातून एक जीप भरून बायका जुन्नरला तपासून आल्या. जीपचं ठरलं ते हळदीकुंकवातच, त्यामुळे तिथं असलेल्या बायकाच गेल्या. आम्हाला कुणी मुद्दाम वगळलं नाही. जिथं बोलावणंच नसतं तिथं वगळणार तरी काय?

मला मात्र जायचं होतं. आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या पुढे माझी मावशी होती. लहानपणी मी सुट्टीला तिच्याकडे जायचे. शेवटी शेवटी तिला मागच्या खोलीत ठेवलं होतं, आणि त्या खोलीत इतका वास यायचा की उदबत्तीचा पुडा संपला तरी तो जायचा नाही. कुणी विचारलं तर सगळे पोटाचं दुखणं आहे म्हणायचे. मला खरं काय ते माझं लग्न झाल्यावर आईनं सांगितलं, तेही कुजबुजत, आणि लगेच विषय बदलला. पोरीनं पिशवीचं तोंड म्हटलं तेव्हा मला ती खोली आठवली. मी अशी मागच्या खोलीत गेले तर पोरीला कोण बघणार, हा विचार मनातून हलेना.

पण जायचं म्हटलं की पाय अडायचे. नवरा नाही, मग हिला त्या जागेचं काय पडलंय, असं लोक म्हणतील हे मी धरूनच चालले होते. खरं तर मला असं कुणीही म्हटलं नव्हतं. गावातल्या एकेका बाईचा आवाज काढून मीच मनात मला म्हणत होते, आणि नक्कल इतकी छान जमत होती की मला ती खरीच वाटायला लागली.

मग मी एक अक्कल चालवली. आता आठवलं तरी चेहरा लपवावासा वाटतो. माझ्या दुकानात फॉल-पिकोबरोबर टिकल्या, पिना आणि काळ्या मण्यांच्या खोट्या पोती विकायला असतात. त्यातली एक पोत आणि टिकल्यांचं एक पाकीट मी पर्समध्ये टाकलं, दुकान बंद ठेवलं, घरी माल आणायला जाते म्हणून सांगितलं आणि जुन्नरची एसटी पकडली. जुन्नरच्या स्टँडवर उतरल्यावर एका बंद दुकानाच्या काचेसमोर मी टिकली लावली आणि पोत गळ्यात घातली. नवऱ्याच्या नावाचं खरं मंगळसूत्र काढताना मी इतकी रडले होते की बायकांनी मला धरून ठेवलं होतं. आता त्याच गळ्यात मी खोटं घालत होते, का, तर एका डॉक्टरीणबाईला आपण सवाशीण वाटावं म्हणून. दवाखान्यापर्यंतच्या गल्लीत मी मान खाली घालून चालले, आणि खाली बघितलं की ते मणीच दिसायचे.

तपासणी मी समजत होते तेवढी काही भयंकर नव्हती. डॉक्टरबाई माझ्यापेक्षा वयानं लहान होत्या, बोलायला मोकळ्या. टेबलावर झोपवलं, गुडघे वर घ्यायला लावले, थंडगार काहीतरी आत गेलं आणि मग व्हिनेगरचा वास आला, चायनीजच्या गाडीवर येतो तसा. मी छताकडे बघत पोरीचं नाव मनात घेत होते. डॉक्टरबाई थोडा वेळ थांबल्या, मग म्हणाल्या, उठा, सांगते.

त्यांनी सांगितलं ते असं. व्हिनेगर लावल्यावर पिशवीच्या तोंडावर एक पांढरा डाग उमटला होता. हा कॅन्सर नव्हता, घाबरायचं काही नव्हतं. पण तसाच राहू दिला तर पुढं काही वर्षांनी त्याचा कॅन्सर होऊ शकतो. एका छोट्या गरम यंत्रानं तो जाळून टाकता येतो, मिनिटभराचं काम, त्याच दिवशी घरी. त्यासाठी मी पुढच्या गुरुवारी यायचं होतं. हा एका विषाणूमुळे होतो, तो बहुतेक बायकांच्या अंगात कधी ना कधी येतो आणि बहुतेकींचा आपोआप जातो, त्यात कुणाच्या चालचलनाचा काही संबंध नाही, हेही त्या म्हणाल्या. माझ्या अंगावरचा घाम त्या वाक्यानं जरा कमी झाला. आणि मग त्यांनी सहज सांगितलं, की त्यानंतर महिना-दीड महिना नवऱ्याजवळ झोपायचं नाही, मिस्टरांना गुरुवारी घेऊन या, मी त्यांना नीट समजावते.

मी म्हणाले, ते गाडीवर असतात. टोमॅटो घेऊन बाहेर गेलेत.

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मीच दचकले. मेलेल्या माणसाला मी पुन्हा कामावर धाडलं होतं. डॉक्टरबाईंनी मान हलवली, मग फोनवरून सांगा म्हणाल्या. मी हो म्हणाले.

बाहेर आले तर बाकड्यावर वरच्या आळीतली बाई. तीच, करंडा घेऊन फिरणारी. सुनेच्या सोनोग्राफीला आली होती. तिनं आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग गळ्याकडे, मग कपाळाकडे, आणि मग गळ्याकडेच बघत राहिली. बरं चाललंय ना, म्हणाली. मी हो म्हणाले. त्यापुढे आमच्यात एक अक्षर बोलणं झालं नाही. पोत मी स्टँडवर येईपर्यंत काढलीच नाही, आता काढून करायचं तरी काय होतं?

आमच्या भागात उसात बिबट्या दिसला तर त्याची बातमी गावभर व्हायला सकाळची संध्याकाळ होते. माझी त्याच्याही आधी झाली. दुकानात येणाऱ्या बायका माप देताना माझ्या गळ्याकडे बघायला लागल्या. एकीनं विचारलं, आता कुठं राहायला जाणार का? दुसरीनं नवीन साडी दाखवून, तुम्हीपण घ्या असली, शोभंल आता, असं म्हटलं. मी कात्री चालवत राहिले. उत्तर द्यायचं तर एकच खरं उत्तर होतं आणि ते तोंडाबाहेर काढण्यापेक्षा कात्रीनं बोट कापून घेणं सोपं वाटत होतं.

गुरुवार आला आणि मी जुन्नरला गेले नाही. जाताना कोण बघेल, तिथं पुन्हा पोत घालून जायचं का मोकळ्या गळ्यानं, मिस्टर कुठं आहेत विचारलं तर काय सांगायचं, या भानगडीत मी दुकानात बसून राहिले. माझ्या पिशवीच्या तोंडावर डाग होता, तो मिनिटात जाणार होता, आणि मी गळ्याचा विचार करत होते. याला काय म्हणावं? मावशीला निदान माहीत नव्हतं. मला डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. पोर शाळेत होती. त्यांनी मला बस म्हटलं. मी बसले आणि एक गड्डी हातात घेतली.

“कोन हाय त्यो?” त्यांनी विचारलं.

मी गड्डीच्या पाकळ्या सुट्या करायला लागले.

“ज्याच्या नावाचं गळ्यात घातलं व्हतंस, त्यो. मला डेरीवर कळलं, दूध घालताना.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मी काय तुला खानार न्हाई. माझा ल्योक गेला, म्हनून काय तुझं आयुष्य गेलं का? असंल कुनी तर असू दे. पन मला दुसऱ्याच्या तोंडातनं कळावं, ह्ये काय बरं न्हाई.”

मी शिव्यांची तयारी करून बसले होते. रडण्याची, देवाच्या शपथांची, भावांना बोलावून घेण्याची. हे मला अनपेक्षित होतं. आणि मी खरं लिहिते, क्षणभर माझ्या मनात आलं की हो म्हणून टाकावं. आहे एकजण, पण आता मोडलं, असं सांगावं. परक्या पुरुषाचं नाव सासूपुढे घेता येत होतं, पिशवीच्या तोंडाचं घेता येत नव्हतं. इतकी मी लाजेनं आंधळी झाले होते.

शेवटी लसणाकडे बघत सांगितलं. “आत्या, कुनी न्हाई. मी तपासायला गेले व्हते. पोर त्या दिवशी जेवताना बोलत व्हती, त्ये. विधवा बाई असलं तपासायला आली म्हनून हसतील, म्हनून घातली पोत. डाग निघालाय. काल जाळायला बोलावलं व्हतं, मी गेले न्हाई.”

त्यांचे हात थांबले. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि ते सगळे बारीक बारीक. तपासायला बाई असते का बाप्या? सगळं लुगडं सोडायला लावतात का? लई दुखतं का? रक्त असेल तरी बघतात का? मी एकेकाचं उत्तर दिलं, शेवटच्याचं मला माहीत नाही म्हणाले. माझ्यावर विश्वास नाही, खोटं पकडायला विचारतायत, असं मला वाटलं, आणि मनातून रागही आला. शेवटी त्या म्हणाल्या, येत्या गुरुवारी मीपण येते संगं. तेव्हा तर माझी खात्रीच झाली, की पहारा करायला येतायत.

गुरुवारी पोरीची शाळा बुडवली, तिचं इंजेक्शनही त्याच दिवशी घ्यायचं ठरवलं होतं. तिघी निघालो. नारायणगावच्या स्टँडवर ओळखीच्या दोन बायकांनी माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघितलं आणि एकमेकींना कोपर मारलं. सासूबाईंनी त्यांना मोठ्यानं विचारलं, काय गं, काय पडलंय तिथं? त्या दोघी दुसऱ्या गाडीनं गेल्या.

डॉक्टरबाईंना मी आत गेल्या गेल्या सांगितलं की मागच्या वेळी खोटं बोलले, नवरा वारलाय. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, “नवरा असो नसो, हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप बसून राहतो. विधवा बायकांनीही तपासायलाच हवं. तुमच्या गावातून जीपभर बायका आल्या, त्यात एकही विधवा नव्हती. मला वाटलं, तुमच्याकडं नाहीतच.”

माझं काम झालं ते पाळीच्या पहिल्या दिवसाएवढं दुखलं, तेवढंच. काही दिवस पाणी जाईल, वर्षानं पुन्हा दाखवायला या, नंतरही अधूनमधून तपासत राहा, म्हणाल्या. बाहेर आले तेव्हा पोर दंड धरून बाकड्यावर बसली होती. इंजेक्शननंतर अर्धा तास तिथंच बसवून ठेवतात. तिला काही झालं नव्हतं, मोबाइल दिला नाही म्हणून ती फुगली होती. माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं. आता बाजारातून भेळ घेऊन जाऊ, असं मी म्हणाले.

तेवढ्यात डॉक्टरबाई मला गोळ्या समजावून द्यायला बाहेर आल्या आणि सासूबाईंकडे बघून त्यांनी सहज विचारलं, काय आजी, तुमचं काही? सासूबाई उठून उभ्या राहिल्या. पदर नीट केला.

“मला बघा,” त्या म्हणाल्या. “दिवाळीपासनं अंगावर जातंय. लाल.”

डॉक्टरबाईंनी पाळी जाऊन किती वर्षं झाली विचारलं. सासूबाई म्हणाल्या, लई वर्षं झाली, नात व्हायच्या आधीच गेली. डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग पुन्हा त्यांच्याकडे. “आजी, एवढे महिने घरात कुणाला बोलला नाहीत? सून आहे की घरात.”

“सांगनार व्हते,” सासूबाई म्हणाल्या. “पन तिला लाज वाटती असलं बोलायची. म्हनलं, कशाला तिला लाजवा.”

पोर माझ्याकडे बघत होती. मला कुठं बघावं कळेना. दिवाळीपासून सासूबाई आपली लुगडी आम्ही उठायच्या आधी स्वतः धुवायला लागल्या होत्या. माझं धुणं त्यांना पटत नाही, म्हातारपणी सोवळं सुचलंय, असं मी समजले होते. एका गिऱ्हाइकाला तर मी हे हसत हसत सांगितलंही होतं. एकाच दोरीवर आमचे कपडे वाळत होते, आणि माझ्या लाजेला जपून ती बाई रक्त लपवत होती.

पुढचं आताच सांगून टाकते, वाचणाऱ्याला घोर नको. त्या दिवशी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि तो कॅन्सरच निघाला. माझ्यासारखा मिनिटात जाळून टाकायचा टप्पा मागं पडला होता. आता आम्ही शेकासाठी, म्हणजे रेडिएशनला, पुण्याला जातो. डॉक्टर म्हणतात, आशा आहे. दिवाळीला आला असतात तर जास्त असती, हे त्यांनी म्हटलं नाही, मी विचारलं तेव्हा नुसतं खाली बघून पेन बंद केलं.

पण माझ्या मनातून जात नाही ते जुन्नरचं टेबल. सासूबाई आत घाबरल्या, म्हणून डॉक्टरबाईंनी मला हात धरायला बोलावलं. त्या टेबलावर गुडघे वर घेऊन पडल्या होत्या. त्यांचे पाय मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, बारीक, पांढरे. माझी पावलं ऐकून त्यांनी डोळे उघडले, माझा चेहरा बघितला, आणि त्या अवस्थेतसुद्धा त्यांना माझंच पडलं.

“तू भिंतीकडं तोंड कर,” त्या म्हणाल्या.

मी केलं. भिंतीवर हात कसे धुवायचे त्याची चित्रं लावली होती, ती मी एकेक करून बघत राहिले. त्या माझा हात दुखेपर्यंत आवळत होत्या, आणि मान वळवायला मिळाली म्हणून मला बरं वाटत होतं.